सगळ्या गावाचं एकच वाक्य

शाहीन, तुझ्या सँडलची बक्कलं सोडलेली होती. माझा संशय तिथून सुरू झाला.

तुला लोणावळ्याला आणलं त्या दुपारी मागोमाग एका जीपमधून गावातली माणसं आली. पोटरीपर्यंत चिखल, पांढऱ्या टोप्या भिजून डोक्याला चिकटलेल्या. तुमच्या छत्र्यांच्या दुकानासमोर ती अंग चोरून उभी राहिली. तुझी पर्स, फोन आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या सँडल त्यांनी तुझ्या अम्मींच्या पुढ्यात ठेवल्या. कसं झालं, असं कुणीतरी विचारलं. त्यांच्यातले एक म्हातारे आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "साकवावरनं जाताना बाईंचा पाय घसरला. दुसरं काय न्हाई." थोड्या वेळानं तुझ्या मामूंनी दुसऱ्या एकाला बाजूला घेऊन तेच विचारलं. तोही म्हणाला, "साकवावरनं जाताना बाईंचा पाय घसरला. दुसरं काय न्हाई." तिसऱ्याला मी विचारलं. शब्दाचाही फरक नाही. फक्त उत्तर द्यायच्या आधी त्यानं एकदा आबांकडे पाहिलं.

मी हॉटेलच्या रिसेप्शनवर बसते, तुला ठाऊकच आहे. पाठ केलेलं वाक्य मला ऐकताक्षणी ओळखू येतं, कारण दिवसभर मी तसलीच बोलत असते. खोलीतून दरी दिसते का, असं पाहुण्यांनी विचारलं की "धुकं हटलं की दिसते सर" हे माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडतं, मग त्या खोलीची खिडकी गाड्यांच्या पार्किंगवर उघडत असली तरी. त्यामुळे त्या माणसांचं वाक्य मला टोचलं. आणि त्याचं शेपूट जास्त टोचलं. दुसरं काही झालंय का, असं कुणी विचारलंच नव्हतं.

साकव म्हणजे ओढ्यावरचा तो अरुंद, बिनकठड्याचा पूल. तूच मला दाखवला होतास. तुझी खोली आणि तू शिकवायचीस ती शाळा दोन्ही ओढ्याच्या अलीकडे. पलीकडे फक्त वाडी. शाळा सुटल्यावर, असल्या कोसळत्या पावसात तू पलीकडे कशाला जाशील? तुला तर पाण्याची इतकी धास्ती, की धरणाच्या पायऱ्यांवर सगळं पब्लिक भिजत असताना तू वर भजीवाल्यापाशी माझी पर्स सांभाळत उभी राहायचीस. आणि समजा गेलीस, समजा घसरलीस. घसरून पडणारी बाई आधी खाली बसून दोन्ही सँडलची बक्कलं सोडत नाही.

बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. मीही त्यांच्यात बसले. कुणीतरी धीम्या आवाजात कुराण पढत होतं. मी तुझ्यासाठी रडायला हवं होतं, आणि मी त्या पिशवीकडे बघत होते. समोर पाहिलं तर अम्मीही तिकडेच बघत होत्या.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंजू, पहिला भाग संपला."

आपण दोघींनी दुकानाच्या वरच्या त्या खोलीत किती जपानी भयकथांचे अ‍ॅनिमे पाहिले असतील! माझी सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी. पर्यटक नसायचे, बाजार ओस पडलेला, भर दुपारी धुक्यात दिवे लावून एखादा टेम्पो जायचा आणि त्याचा आवाज गेल्यावर रस्ता पहिल्यापेक्षा जास्त गप्प व्हायचा. तू खिडकी लावून घ्यायचीस, लॅपटॉप पाटावर ठेवायचीस. अम्मी खालून ओरडायच्या, "एवढ्या मोठ्या घोड्या झाल्या, अजून कार्टून बघतात!" आणि पडद्यावर एकाच फलाटाच्या स्टेशनवर शहरातून आलेली एखादी मुलगी बॅग घेऊन उतरलेली असायची.

गोष्ट दर वेळी वेगळी, गाव जवळजवळ तेच. डोंगराच्या पोटाशी पाच-पन्नास घरं, विजेच्या तारा, भाताची खाचरं, किरकिऱ्या किड्यांचा कान किटवणारा आवाज. संध्याकाळी खांबावरच्या भोंग्यातून कसली तरी सूचना. शाळेत नवीन मुलीला सगळे गोड बोलतात. कुणीतरी मध्येच एक नाव घेतं आणि वर्ग गप्प होतो. परतीची बस दिवसातून दोनदा, ती नेमकी चुकते. भीती बसायला अंधार लागायचाच नाही, भर उन्हातली दुपार पुरायची.

तुझं-माझं भांडण इथंच होतं. मी म्हणायचे, भीती जागेत असते. ते गाव रंगवलेलं असतं, शाहीन. सगळं चित्र निश्चल, घरं, झाडं, दुकानाची अर्धी ओढलेली शटरं, आणि त्यात एकच गोष्ट हलते, एखादा पडदा, एखाद्या मुलीची रिबीन. जिथं काहीच हलत नाही तिथं जे हलेल त्याचा संशय येणारच. शहरात हजार गोष्टी हलतात, म्हणून तिथं भीती विखरून जाते. लहान गावात ती एका जागी साठते.

तू मान हलवायचीस. "जागा बिचारी काय करणार? भीती माणसांत असते. शहरात तुला कुणी ओळखत नाही म्हणून तू एकटी. गावात सगळे तुला ओळखतात आणि तू कुणालाच ओळखत नाहीस. हे दुसरं एकटेपण जास्त वाईट. धुक्याला कोण घाबरतं? धुक्यातून तुझं नाव घेऊन कुणी हाक मारली तर घाबरशील."

"आपलं लोणावळाही लहान गावच की."

"म्हणूनच तर! आणि तूच ती पहिल्या भागातली रिसेप्शनवरची बाई. अदबीनं हसते, चावी देते, आणि वरच्या मजल्याबद्दल काहीच सांगत नाही."

मी तुला उशी फेकून मारली होती.

तू त्या अ‍ॅनिमेंना मराठी सबटायटल्स करायला लागलीस तेव्हा खरं भांडण झालं. आपल्यासारख्या दहा-बारा वेड्यांसाठी, फुकटात, रात्रंदिवस खपून तू ते करायचीस. शहरातून आलेली मुलगी आपल्यासारखं बोलायची आणि गावातली माणसं मावळी. दारात उभी असलेली म्हातारी त्या मुलीला म्हणायची, "कुटनं आलीस? आत ये की. लय दिस वाट बघत व्हतो आमी." वाचताना माझ्या मानेवर काटा आला. आणि दुसऱ्या क्षणी राग आला.

"हे बरोबर नाही," मी म्हणाले. "माझी आजी मावळातल्या इंदुरीची. ती अशीच बोलायची. भीतिदायक माणसाला तिची भाषा का?"

"कारण ती माणसं मला परकी वाटायला नको होती. आपली वाटली म्हणूनच तुला काटा आला ना?"

"वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांना काय वाटेल? की खेड्यात सगळे असलेच असतात."

तू लॅपटॉप मिटलास. मग म्हणालीस, "यावर विचार करते." तुझा विचार तेव्हा पुरा झाला नाही, कारण तेवढ्यात तुझी नेमणूक आली. आंदर मावळात, अगदी आतल्या एका गावी, प्राथमिक शाळेवर. मी हसून हसून बेजार. "जा आता," म्हटलं, "शहरातून गावात आलेली नवीन बाई! तिसऱ्या भागात मरतेस तू."

हे मी बोलले होते. चेष्टेत बोललेलं असं परत ऐकू येईल हे कुणाला माहीत असतं?

तिथं रेंज फक्त देवराईच्या कडेला. देवाचं राखून ठेवलेलं ते रान, जिथली काडीसुद्धा कुणी उचलत नाही. संध्याकाळी तू तिथं उभी राहून मला फोन करायचीस आणि मुद्दाम घोगऱ्या आवाजात सुरुवात करायचीस, "मंजू, मी झाडांजवळून बोलतेय." मग दिवसभराचा अहवाल. "मी काल काय शिजवलं ते आज नळावरच्या सगळ्या बायकांना माहीत होतं. जुम्याची नमाज कुठल्या वारी असते ते त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलंय आणि त्या दुपारी माझ्या दारात कुणी येत नाही. मी न सांगता माझं छप्पर कुणीतरी शाकारून गेलंय." तू हे सांगायचीस आणि आपण दोघी एकदम म्हणायचो, "संशयास्पद!"

मी एकदाच आले, उन्हाळ्याच्या तोंडाशी. एसटीतून उतरले तर थांब्यावर चिटपाखरू नाही. रस्ता वितळल्यासारखा चमकत होता. कौलारू घरं, एका दोरीवर वाळत घातलेलं लुगडं तेवढं हलत होतं. मला वाटलं, घ्या, माझा मुद्दा सिद्ध झाला. इतक्यात घराच्या सावलीतून एक बाई पुढे आल्या. "मंजूताई न्हवं? या. तुमी वांगं खात न्हाई, म्हून आज मटकी केलीया."

मी जागेवर थिजले. तू दाराआडून बघत होतीस, हसता हसता उंबऱ्यावर बसलीस. "रक्त नाही, हत्यार नाही. वांग्यानं घाबरलीस! आता कोण जिंकलं?"

त्या हिरामावशी. शाळेत खिचडी शिजवायच्या, तुझी खोली त्यांच्याच घरातली. मी जेवले, चांगली दोन वेळा वाढून घेतलं, पण खरं सांगू? मला त्या फार आवडल्या नव्हत्या. तुझ्याबद्दल त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

तुझा शेवटचा फोन मध्येच तुटला होता. वारा होता, तुझा आवाज तुटक तुटक येत होता. "मंजू, मी एक ठरवलंय. फोनवर नको. समोर बसूनच सांगेन." मी "काय गं, काय?" म्हणेपर्यंत रेंज गेली. त्यानंतर ती जीप आली.

तुझा चाळिसावा दिवस यायच्या आधीच एका दुपारी अम्मींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटलं. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंजू, तुला काही बोलली होती का ती? कसला त्रास, कुणाशी काही?"

"नाही अम्मी."

"तिच्या चपला बघितल्यास ना तू?"

मी मान डोलावली.

"आपल्यात ते मोठं पाप आहे, बेटा. मी तिच्यासाठी दुवा मागायला हात वर करते आणि मध्येच हा विचार येतो. ती स्वतःहून तर नाही ना गेली?"

मला वाटलं होतं, संशय माझ्या एकटीचा आहे. माझा संशय गावावर होता. कुणी तुला ढकललं का, कुणाचं काही तुला कळलं होतं का, सगळे मिळून काय लपवतायत. अम्मींचा संशय तुझ्यावर होता, आणि तो जन्मभर पुरला असता. "एक ठरवलंय" हे तुझं वाक्य मी त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. पण आता मलाही ते दुसऱ्याच अर्थानं ऐकू यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि स्कूटी काढली. कान्हे फाट्यावरून आत वळले, टाकव्याच्या पुढे गाड्या विरळ झाल्या. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. खाचरांत भात कमरेएवढा, डोंगरावरून ओघळ उतरत होते, सगळं इतकं सुंदर की संशय यावा. तुझ्या शाळेच्या अलीकडे मी गाडी लावली आणि चालत निघाले.

गावानं मला पाहिलं. शाहीन, ते मी तुला कसं सांगू! एका अंगणात दोघी जणी बोलत होत्या, त्या थांबल्या. एका ओट्यावरचा रेडिओ बारीक झाला. एक खिडकी ओढून घेतली गेली, जोरात नाही, अगदी हळू. आपण पाहिलेल्या प्रत्येक पहिल्या भागातलं हे दृश्य, आणि मी त्याच्या मधोमध चालत होते. किराणा दुकानाशी थांबून मी विचारलं. दुकानदारानं बरणीचं झाकण लावलं आणि म्हणाला, "साकवावरनं जाताना बाईंचा पाय घसरला."

"दुसरं काय न्हाई," मीच पुढचं पुरं केलं.

तो दचकला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही अभद्र बोलले होते.

साकवापाशी गेले. पाणी उतरलं होतं, दगडांवर शेवाळं होतं. तिथं आबा भेटले. मी नमस्कारही न करता विचारलं, "शाळा अलीकडे, खोली अलीकडे. मग शाहीन पलीकडे का गेली?"

"पोरी, जाऊ दे आता."

"सँडल काढून ठेवल्या होत्या. कुणी पडताना सँडल काढतं का?"

आबांचा हात काठीवर घट्ट झाला. "तुमी बाईंच्या मैतरीन. तुमाला आमी काय वंगाळ सांगू का?" एवढं बोलून ते निघून गेले. म्हातारा माणूस, पण किती भरभर गेला. मला वाटलं, हा पळतोय.

हिरामावशींच्या घराचं दार उघडं होतं. तुझ्या खोलीला बाहेरून कडी. मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. मी उभ्या उभ्याच बोलले, आणि चांगलं बोलले नाही.

"मावशी, तुमचं ते वाक्य मला पाठ झालंय. ते सोडून सांगा. तुम्ही सगळे काहीतरी लपवताय. मी पोलिसांत जाईन. मला काय, मी बाहेरची. पण तिची आई आहे घरी. तिला वाटतंय की शाहीननं जीव दिला."

मावशींचे हात थांबले.

"कुनाला वाटतंय?"

"तिच्या आईला. त्या सँडल बघून. ती माउली लेकीसाठी दुवासुद्धा धड मागू शकत नाही."

सूप त्यांच्या मांडीवरून घसरलं, तांदूळ जमिनीवर पसरले. त्यांनी ते गोळा केले नाहीत. दोन्ही हात तोंडावर नेले. "ह्ये आमच्या ध्यानातच आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आयचं कुनी ध्यानातच घेतलं न्हाई." मग म्हणाल्या, "बाई उतरल्या, मंजूताई. सोताच्या पायानं उतरल्या पान्यात."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"लेकरासाठी उतरल्या," मावशी म्हणाल्या.

त्यांनी जे सांगितलं ते तुला माहीत आहे, पण मी ते तुला परत सांगणार आहे, कारण तुला सांगितल्याशिवाय मला काही सांगितल्यासारखं वाटत नाही. शाळा सुटली होती. वाडीतली मुलं साकवावरून गेली, एक मागं राहिलं. वरच्या अंगाला आणखी जोराचा पाऊस झाला असणार, पाणी एकाएकी चढलं. मावशी खिचडीची भांडी घासत होत्या. बघतात तो ते मूल साकवाखाली, उंबराच्या मुळीला धरून लोंबकळतंय. गडीमाणसं सगळी रानात. मावशींनी हाका मारल्या आणि तू धावत आलीस.

"काठाला खाली बसल्या, सँडली काडल्या, वडनी कमरंला आवळली. म्या म्हनलं, बाई, तुमाला पवता येत न्हाई. तर म्हनल्या, उंबरापातुर तर जायाचंय. गेल्या. लेकरू सोडवलं आन् माज्याकडं ढकललं. म्या तेचा हात धरला. मंग बाईंनी बी हात वर केला." मावशींनी स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. "ह्या हातात लेकरू व्हतं. ह्या हातानं म्या काठाची मुळी धरलेली, न्हाईतर आमी दोगं बी जातो. कुटला हात सोडू, ताई? तुमी सांगा. कुटला सोडाया पायजे व्हता?"

मी त्यांचे हात धरले. ते खरखरीत होते.

मी विचारलं, "मग हे सांगितलं का नाहीत? यात लपवण्यासारखं काय होतं?"

"सांजच्याला समदी देवळात बसली. आबा म्हनले, लेकराचं नाव कुनी काडायचं न्हाई. आज कळलं तर उद्या पेपरवाले येतील, कोन लेकरू, कुटं हाय, फोटू द्या. फुडं ते मोटं व्हईल, काय चुकलं-माकलं की लोक म्हनतील, तुज्यापायी आमच्या बाई गेल्या. बाईंनी काय त्यापायी वाचिवलं तेला? लेकरू वाचिवलं येवडं सांगितलं की फुडचा सवाल येतोच. म्हून मंग म्हनलं, पाय घसरला. दुसरं काय न्हाई."

"आणि ते मूल?"

"तेला म्हाईत हाय की. तेला कोन ईसरवनार? पर बाहेरच्या कुनाच्या तोंडून तेनं ऐकाया नको."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं, जे त्यांना वाटलं मला माहीत असेल. तुझी बदली होऊ घातली होती, लोणावळ्याजवळची शाळा मिळत होती, आणि तू नको म्हणून सांगून आली होतीस. "म्हनल्या, म्या हितंच ऱ्हानार. मंजू लय भांडंल, तिला समोर बसवूनच सांगाया लागंल."

ते तुझं "ठरवलंय". तू राहायचं ठरवलं होतंस! मी तिथंच, तांदळात बसून हमसून हमसून रडले. दुःखानं, सुटल्यासारखं वाटून, आणि थोडं रागानंही. ते गावाला आधी कळलं होतं. आणि मावशींचं बरोबर होतं, मी भांडलेच असते.

निघताना शाळा सुटायची वेळ झाली होती. मुलं बाहेर आली, दप्तरं डोक्यावर घेऊन चिखलातून उड्या मारत. मी फाटकापाशी उभी राहिले आणि एकेकाचा चेहरा बघायला लागले. हे का? ही, जी एकटीच चाललीय? तो, जो ओढ्याकडे बघत नाही? माझी नजर एकावर थांबली की ते मूल बावरायचं आणि पावलं उचलायचं. मागून हिरामावशी आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "पोरांकडं असं बगू नका, ताई."

तेव्हा मला माझं रूप दिसलं. शहराकडून आलेली, न हसणारी, लेकरांच्या तोंडाकडे टक लावून बघणारी, सगळ्यांना तोच प्रश्न विचारणारी बाई. त्या गावाच्या गोष्टीत भीतीचं माणूस मी होते. खिडकी माझ्यासाठी ओढून घेतली होती. आपण इतकी वर्षं गोष्ट बॅग घेऊन उतरलेल्या मुलीच्या बाजूनं पाहिली, शाहीन. पडद्याआड बसलेल्यांना काय वाटत असेल, हे एकाही भागात कुणी दाखवलं नाही. तू ते सबटायटल्स परत लिहायला घेतले असतेस तर मला वाटतं इथूनच घेतले असतेस.

पण भांडण मिटलं असं समजू नकोस. तुझी बाजू धरली तर भीती माणसांत असते, आणि ती माणसं तर एका मुलासाठी गप्प होती. मला कृतज्ञ वाटतं, मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे. आणि तरीही परत येताना घाटाकडचे ढग खाली आले, दिवे लावावे लागले, तेव्हा एक विचार मला सोडेना. ज्या गावाला एका संध्याकाळी बसून एक वाक्य ठरवता येतं, आणि शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ते शब्दही न बदलता सांभाळता येतं, त्या गावानं उद्या दुसऱ्या कशासाठी असंच वाक्य ठरवलं तर? एखादीला खरंच कुणी ढकललं तर? तेव्हाही खिडकी अशीच हळू ओढली जाईल. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळी दिसणार एकच. यावर तू काय म्हणाली असतीस? मला खरंच कळत नाही. तुझ्याजवळ नक्कीच काहीतरी उत्तर असतं.

हे लिहायच्या आधी मी हिरामावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, लिवा, पर कुनाला वळख पटू देऊ नका. म्हणून गावाचं नाव गाळलंय, त्यांचं बदललंय. काठावर उंबर होता की दुसरं काही, तेही मी सांगणार नाही. वाचणाऱ्यानं माझ्यावर थोडा संशय घेतला तरी चालेल.

त्या दिवशी गावाहून मी घरी न जाता थेट तुमच्याकडे गेले. दुकान बंद होतं, अम्मी वर होत्या, तुझ्या खिडकीपाशी. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "अम्मी, तिनं जीव दिला नाही. तिला राहायचं होतं." मग सगळं सांगितलं. ओढा, सँडल, मावशींचे दोन हात, बदली. त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. पाणी गालांवरून सरळ हनुवटीवर आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

मग त्यांनी विचारलं, "ते मूल बरं आहे ना?"

"आहे."

"शाळेत येतं?"

"येतं म्हणाल्या मावशी."

मी सांगणारच होते की नाव मला कळलं नाही, पण खटपट केली तर कळेल. अम्मींनी माझ्या तोंडासमोर हात धरला.

"नाव नको, मंजू. कळलं तर एक दिवस मी तिथं जाईन, आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसेन. ते त्यानं का सोसायचं?"

त्या उठल्या. हातपाय धुऊन, वजू करून आल्या, नमाजला बसल्या. शेवटी त्यांनी दुवेसाठी दोन्ही हात वर केले आणि ते बराच वेळ तसेच राहिले. मी दारात उभी होते. मध्ये कुठं थांबतात का, याकडे माझं लक्ष होतं. थांबल्या नाहीत.

चटई गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, "भूक लागलीय गं मला." तू गेल्यापासून त्या पहिल्यांदाच आपणहून काही मागत होत्या. मी खाली स्वयंपाकघरात गेले आणि भाताचं पातेलं गॅसवर चढवलं.